सुपडूची खोली

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्यांच्यासोबत रोज चहा घेतला त्या मित्रांनाही नाही. तुला सांगतोय — का, ते विचारू नकोस. मला भला माणूस म्हणणाऱ्यांचा कंटाळा आलाय, एवढंच समज.

नव्वदनंतरची गोष्ट. जळगावात माझी छोटी प्रेस होती. परदेशात म्हणे बेघर माणसंच रस्त्यावर वर्तमानपत्र विकतात आणि त्यातून स्वतःच्या पायावर उभी राहतात — असं कुठंतरी वाचलं आणि डोक्यात किडा शिरला. चार पानांचं पाक्षिक काढलं. स्टेशनवर झोपणाऱ्यांनी अंक निम्म्या किमतीत घ्यायचा, पूर्ण किमतीत विकायचा, उरेल ते त्यांचं. साठवायचं आणि खोली बघायची. हेतू चांगलाच होता, हो. पण त्या हेतूचं आता काय लोणचं घालायचंय?

आमच्यात सगळ्यात जास्त अंक खपवायचा तो सुपडू. धुळ्याला एका कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. जिनिंग बंद पडलं, आवारातली खोली गेली. बायको आधीच वारलेली. लहानग्या मुलीला, मंगलला, भडगावला बहिणीकडे ठेवून हा जळगाव स्टेशनवर आला. मेहुण्याने बजावलं होतं — आधी खोली घे, मग पोरीला ने, फलाटावर नेऊ देणार नाही. खोटं कुठे होतं त्याचं? सुपडू अंक उचलायला आला की एकच पालुपद, “भाऊ, खोली भेटनी का पोरले लई येसू.” दर वेळी तेच, खोली मिळाली की पोरीला घेऊन येतो! मला तर कधी कधी वैताग यायचा.

एकदा तो दाढी करून, धुतलेला सदरा घालून विकायला उभा राहिला. त्या वेळी त्याचे अंक पडून राहिले. लोकांना वाटलं, याला कसली आलीय गरज? मी त्याला सांगितलं, दाढी वाढू दे बाबा. बघ, कळायला लागलं ना मी कसा होतो ते? — पण मला सांगायचंय ते हे नाही. हे तर मी चारचौघांत हसत हसत सांगितलंय.

मग खोली मिळाली. जुन्या जळगावात, एका म्हाताऱ्या अक्कांच्या घरामागे. आगाऊ भाड्याची सोय सुपडूने करून ठेवली होती. अक्का एकट्या राहायच्या, त्यांना कुणाचा तरी शब्द हवा होता. त्याने माझं नाव सांगितलं. दुसऱ्या कुणाचं सांगणार?

अक्का प्रेसमध्ये आल्या. स्टुलावर बसल्या, पाणी मागितलं. “माणूस कसा आहे हो, भाऊ? मी एकटी बाई.”

आणि मी — थांब, जरा थांब.

त्याच महिन्यात पुण्याहून मोठी मंडळी आमचं काम बघायला येणार होती. आमच्या पहिल्या पानावर फोटो कुणाचा? फलाटावर बसलेल्या सुपडूचा. तोच खोलीत राहायला गेला तर यांना दाखवू काय? पोरगी आली, त्याने कुठे बरं काम धरलं, तर माझे अंक खपवणार कोण? एवढा सगळा विचार करायला मला किती वेळ लागला असेल? अक्कांनी पेला खाली ठेवेपर्यंत.

“तसा मेहनती आहे अक्का,” मी म्हणालो, “पण घेतो.”

सुपडू दारूला शिवतसुद्धा नव्हता रे.

बरं झालं सांगितलंत, म्हणत अक्का गेल्या. दुसऱ्या दिवशी सुपडू आला. अक्का नाही म्हणाल्या होत्या, कारण काही सांगितलं नव्हतं. मी तोंड पाडून बसलो — नाटक्या मेला! — तर तोच माझी समजूत काढायला लागला. “जाऊ द्या भाऊ, नशीबच खोटं शे.” त्या गल्लीत मग त्याला कुणीच जागा दिली नाही, आणि दुसरीकडे त्याच्यासाठी शब्द टाकणारं माझ्याशिवाय होतं कोण? बाई बोलली असणार शेजारीपाजारी.

पुण्याची मंडळी आली. फलाट बघितला, सुपडू बघितला, हळहळली. शाल-नारळ मला मिळाला. पुढे माझा उत्साह संपला, पाक्षिक बंद पडलं, आणि सुपडू त्याच स्टेशनवर हमाली करत राहिला. मंगल भडगावलाच वाढली. बाप सणाला जायचा आणि पाहुण्यासारखा परत यायचा.

तिचं लग्न ठरलं तेव्हा पत्रिका छापायला सुपडूच माझ्याकडे आला. मजकूर मेहुण्याने लिहून दिलेला. आमची भाची चि. सौ. कां. मंगल — निमंत्रक मेहुणा, पत्ता मेहुण्याचा. बापाचं नाव वर नाही, खाली नाही. मी विचारलं, “तुझं नाव टाकू ना?”

“नको भाऊ. घर त्यास्नं शे.”

तेव्हा तरी सांगायचं! तोंडाशी आलं होतं की काय? नाही. खरं सांगतो, तसं काही आलं नव्हतं. होती तशी पत्रिका छापली आणि छपाईचं काही घेणार नाही म्हणालो. त्याचे डोळे भरून आले. तो वाकून माझ्या पाया पडला.

मी पाय मागे घेतले नाहीत.