वापर शून्य

शशिकांत गुप्ते रोज सकाळी आठला ग्लासगोच्या ऑफिसात यायचा आणि कोट काढायच्या आधी चौदा नंबर एकेक करून हाताने फिरवायचा. खरं तर हे काम कॉम्प्युटरने पहाटेच उरकलेलं असायचं. तरी शशिकांत मोडेमचा आवाज मोठा करायचा आणि पलीकडून येणारी ती खरखर, किरकिर ऐकून मगच चहाला जायचा. ठाण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये पाच वर्षं काढलेला माणूस. कानाने ऐकल्याशिवाय लाइन जिवंत आहे यावर त्याचा विश्वास नव्हता.

हे चौदा नंबर माणसांचे नव्हतेच. ग्लासगोच्या उत्तरेला डोंगरातल्या ओढ्यांवर पाण्याची पातळी मोजणाऱ्या चौदा पेट्या होत्या. पंचवीस वर्षांपूर्वी शशिकांतनेच पाठीवरून यंत्रं वाहून त्या बसवल्या होत्या. प्रत्येक पेटीत एक सिम. पुराचा इशारा देणाऱ्या या सेंटरमधून तिला डेटा कॉल करायचा, म्हणजे मोबाइलचा साधा कॉलच, फक्त माणसांऐवजी दोन यंत्रं बोलायची आणि बोलणं संपेपर्यंत ती वाट त्या दोघांचीच राहायची. वेग असा, की एक फोटो पाठवायचा तर जेवण उरकून यावं. पण पाण्याची उंची सांगायला चार आकडे पुरतात. आणि पाणी धोक्याच्या वर गेलं, की पेटी स्वतःहून सेंटरला कॉल करायची. आता हे डेटा कॉल डिसेंबरअखेर बंद होणार होते आणि सगळीकडे नवीन सॅटेलाइटच्या पेट्या येणार होत्या. शशिकांतची त्याबद्दल तक्रार नव्हती. जुनं जाणारच. पण नवीन येईपर्यंत तरी जुन्याचा गळा दाबू नये, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

ऑक्टोबरच्या एका सोमवारी अकरा नंबरने उत्तर दिलं नाही. खरखर नाही, किरकिर नाही. एक बाई गोड आवाजात म्हणाली, हा नंबर अस्तित्वात नाही.

अकरा नंबर म्हणजे ग्लेनफारा. सहा घरांची एक ओळ, अकरा माणसं, बाहेर पडायला एकच पूल. वर पेटीपाशी पाणी दीड मीटर झालं, की दोन तासांत ते त्या घरांच्या उंबऱ्यात येतं. शेवटच्या घरात मार्गारेट राहायची, वय त्र्याऐंशी. शशिकांत पेटी तपासायला गेला की ती त्याला सूप पाजायची आणि गुडघ्याची तक्रार सांगायची.

तो तडक वरदाकडे गेला. वरदा पुण्याची, व्हिसावर आलेली, या बदलाच्या कामाची मॅनेजर. पोरगी हुशार आणि कष्टाळू, पण डॅशबोर्डवर जे दिसत नाही ते जगात नाही, अशी तिची ठाम समजूत.

“काका, त्या सिमचा युसेज झीरो होता,” ती म्हणाली. “तीन वर्षांत एकही कॉल नाही. या महिन्यापासून थर्टी डेज झीरो असलं की सिस्टिम ऑटो-क्लोज करते. लिस्टमधूनही काढलंय.”

“अगं, त्याने कॉल केला नाही कारण तिथे पूर आला नाही! बाकीचे ओढे महिन्यातून एकदा तरी चढतात. रोज आपण त्याला कॉल करतो. आलेला कॉल त्याच्या नावावर लागतच नाही.”

“ओह.” वरदाने कीबोर्ड पुढे ओढला. “मग मी टिकेट रेज करते ना.”

तक्रारीच्या तिकिटाचं उत्तर तीन दिवसांनी आलं. बंद झालेला नंबर परत चालू होत नाही आणि नव्या सिमवर डेटा कॉलची सोय आता मिळत नाही. त्या दरीत फोर-जी पोहोचत नाही. सॅटेलाइटची पेटी नोव्हेंबरअखेर. शशिकांतने चार जणांना मेल केले, चौघांनी ते एकमेकांना पाठवले. पालथ्या घड्यावर पाणी. आणि खरं पाणी तर शनिवारी येणार होतं, फोरकास्टमध्ये गडद निळा पट्टा दिसत होता.

डेटा कॉल चालणारी सिम आता तेराच उरली होती आणि प्रत्येकीच्या पायाशी आपापला ओढा होता. शशिकांत वैतागून खिशात हात घालून उभा राहिला, तेव्हा त्याच्या हाताला चौदावं लागलं. त्याचा स्वतःचा फोन. पूर्वी ओढ्याकाठी बसून लॅपटॉप जोडायला म्हणून कंपनीने त्यावर ती सोय दिली होती आणि कुणी काढायला विसरलं होतं. पंचवीस वर्षांचा नंबर. ठाण्याला आई शेवटी सगळं विसरली, पण तो नंबर घडाघडा म्हणायची.

शुक्रवारी तो अडीच तास गाडी चालवत ग्लेनफाराला गेला आणि आपलं सिम काढून पेटीत घातलं. सेंटरचा कॉम्प्युटर आता अकरा नंबरला ओळखत नव्हता, म्हणून पाणी चढल्याचा गजर त्याने घरच्या फोनवर लावला.

“अहो, कंपनीने सिम दिलं नाही म्हणून आपलं कुणी देतं का?” त्याची बायको नीना म्हणाली. “आता तुम्हाला फोन करायचा कुठे?”

“घरी कर. मी इथेच बसणार आहे.”

शनिवारभर तो फोनशेजारी बसला. फोन वाजला नाही. पाणी सव्वा मीटरवर थांबलं आणि उतरलं.

“बघा काका, काही झालं नाही ना,” सोमवारी वरदा म्हणाली. शशिकांतच्या तोंडावर शिवी आली होती, ती त्याने चहाबरोबर गिळली.

महिनाभराने त्याला मेल आला. आपल्या नंबरचा गेल्या तीस दिवसांतला वापर शून्य. येत्या शुक्रवारी तो बंद करण्यात येईल. त्याने तो दोनदा वाचला. पंचवीस वर्षं आपण इथे काय केलं, असा प्रश्न त्याला पहिल्यांदाच पडला आणि त्याचा संताप संताप झाला. पण या वेळी त्याने कुणालाही मेल केला नाही. मोडेमसमोर बसून स्वतःचाच नंबर फिरवला, पेटीशी जोडून घेतलं आणि तिला नवीन हुकूम दिला. रोज साडेआठला एक कॉल कर. पाणी दीड मीटर झालं तर लगेच कर. ऑफिसच्या वेळेत वरदाच्या टेबलावर, एरवी माझ्या घरी.

दुसऱ्या दिवशी साडेआठला वरदाने फोन उचलला. टूं... टूं... तिने ठेवून दिला. तिसऱ्या दिवशी ती चिडली. “काका, कुणीतरी न्यूसन्स कॉल करतंय. नंबर ब्लॉक करते.”

“तो नंबर माझा आहे,” शशिकांत म्हणाला. “आणि बोलतंय ते ग्लेनफारा. रोज एकदा सांगतंय, मी आहे. ठेवू नकोस, ऐक.”

 ग्लेनफाराच्या पेटीत सिम कुठून आलं, हे वरदाला तेव्हा कळलं. त्यानंतर ती रोज पुरता मिनिटभर फोन कानाला लावून बसू लागली.

पुढच्या मंगळवारी शशिकांत कॅन्टीनमधून चहा घेऊन आला, तर वरदा उभी होती. एका हातात टेबलावरचा फोन, दुसऱ्या हातातल्या मोबाइलवर ती मोठ्याने बोलत होती. “मार्गारेट, नो, लीव्ह द कॅट बास्केट, जस्ट टेक द कॅट!” त्याला पाहून तिने मोबाइल बाजूला केला. “काका, सव्वातीनला वाजला. साडेआठला नाही, सव्वातीनला.”

चारच्या सुमारास अकरा माणसं आणि एक मांजर पूल ओलांडून गेली. पाच वाजता पूल दिसेनासा झाला. वरदाच्या डॅशबोर्डवर अकरा नंबर करड्या रंगात होता. वापरात नाही.

बुधवारी साडेआठला फोन वाजला नाही. दोघंही टेबलापाशीच होते. पावणेनऊ झाले. पेटी वाहून गेली असणार, हे शशिकांतला ठाऊक होतं. तो उठायला लागला, तेव्हा वरदाने मोडेम जवळ ओढला, आवाज मोठा केला आणि त्याचा नंबर कुठेही न पाहता हाताने फिरवला.