मदत पाठवा

"ए वस्तीवाली, हात लावू नको. तुझी जागा तिकडं हाय, फडक्यापाशी."

आमचा शिफ्ट इंचार्ज हे सगळ्यांदेखत म्हणाला. पुण्याहून आलेले मोठे साहेब उभे होते. पत्रा दाबायच्या प्रेसवरचे तीसेक कामगार उभे होते. मी कॉम्प्युटरकडं एक पाऊल टाकलं होतं. प्रोग्राम माझा होता.

मी मांडवगण फराट्याची. शिरूरच्या कॉलेजातून कॉम्प्युटरची पदवी घेतली. नोकरी मिळाली सणसवाडीच्या कंपनीत, ठेकेदाराकडं, पार्ट पुसून खोक्यात भरायची. इंचार्ज बागायतदार घरातला, भाऊ सरपंच. सगळे त्याला आप्पा म्हणायचे. पहिल्या दिवशी त्यानं आडनाव विचारलं. मग गाव. मग गावात घर कुठल्या बाजूला. त्यानंतर त्याच्या तोंडून माझं नाव कधी आलं नाही.

उन्हाळ्यात रामसूरतचा हात प्रेसमध्ये अडकला. बिहारचा, माझ्या शेजारच्या मशीनवरचा. मेंटेनन्सवाले दुसऱ्या शेडमध्ये. कुणीतरी पळत गेलं. मी त्याचा खांदा धरून उभी. "दीदी, छोड़ना मत," एवढंच तो म्हणत होता. माणसं येईपर्यंत त्याची दोन बोटं गेली.

मग मी माझ्या जुन्या लॅपटॉपवर प्रोग्राम लिहिला. स्क्रीनवर एक मोठं लाल बटन: मदत पाठवा. नुसतं बटन काढणं सोपं. ते दाबल्यावर काय घडायचं, ते त्याला जोडून द्यावं लागतं. पहिल्यांदा जोडताना दोन कंस जास्तीचे पडले, तर प्रोग्राम उघडल्या उघडल्याच हाक गेली, बटनाला हात लावायच्या आत. चार दिवसांनी जमलं. बटन दाबलं की मेंटेनन्सच्या खोलीत भोंगा, आन् समोर मशीनचा नंबर. इकडं बटन पिवळं व्हायचं. घाबरलेल्या माणसाला कळावं, हाक पोचली. खाली बारीक अक्षरांत माझं नाव.

आप्पानं तो पेन ड्राइव्हवर घेतला. "वर दाखवतो," म्हणाला.

साहेब आले त्या दिवशी स्क्रीनवर बटन माझं होतं, खाली नाव आप्पाचं.

साहेबांनी बटन दाबलं. काही झालं नाही. परत दाबलं. लालच. मला उभ्या जागी कळलं. माझं नाव पुसताना त्यानं शेजारची ओळही पुसली होती, जोडणीची. म्हणून मी पुढं झाले. आन् त्यानं मला फडकं दाखवलं.

साहेब घड्याळ बघायला लागले, तसा तो माझ्या कानाशी आला. "गपचूप नीट कर."

"माझं नाव टाकून करते."

"तुमच्या घरात शर्टाला तरी बटन हाय का गं?" आता तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

दोघं-तिघं हसले. साहेबसुद्धा. रामसूरत हसला नाही.

मी त्याची खुर्ची ओढली आन् बसले. त्याला विचारलं नाही. आधी नाव लिहिलं, आडनावासकट. मग जोडणी. मग रामसूरतला म्हणाले, "भैया, दबाओ." त्यानं उरलेल्या बोटांनी दाबलं. पलीकडच्या शेडमध्ये भोंगा झाला. माणसं धावत आली.

साहेबांनी हात मिळवला तो आप्पाशी.

संध्याकाळी ठेकेदाराचा फोन आला. "उद्यापासनं येऊ नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोलीस ठाण्यात गेले. "मिटवून घे पोरी," हवालदार म्हणाला. मी बाकावरून उठले नाही. दुपार कलल्यावर त्यानं तक्रार लिहून घेतली, आप्पा सगळ्यांदेखत जातीवरून बोलल्याची. त्याच आठवड्यात सरपंचाची माणसं घरी आली. म्हणाली, तक्रार मागं घे, कंपनीत कायम करतो. आई दाराआड रडत होती. तिला भीती होती, आन् ती खोटी नव्हती.

मी त्यांना चहा विचारला नाही. उभ्यानंच सांगितलं.

"मागं घेणार न्हाई. जे बोलला, ते आप्पानं कोर्टात परत बोलावं. माझ्याकडं बघून. तोवर मी परत्येक तारखेला हजर ऱ्हाणार."