सुताराच्या मुलीची शिकवणी

माझी मुलगी साडेचार वर्षांची झाली तरी मोजक्या चार-पाच शब्दांपलीकडे बोलत नव्हती. डॉक्टरांनी कान तपासले, सगळं ठीक आहे म्हणाले. शाळेतल्या बाईंनी मात्र स्पष्ट सांगितलं, "अशीच गप्प राहिली तर पुढच्या वर्षीही याच वर्गात बसवावी लागेल." मी घाबरलो. भिंतीवर तक्ते लावले. ऑफिसातून आलो की तिला समोर बसवून विचारायचो, "हा कोणता रंग? हा कोणता प्राणी?" ती माझ्या तोंडाकडे पाहत राहायची. उत्तर मला ठाऊक आहे हे तिला कळत होतं. मग सांगायचं कशाला?

आमच्या इमारतीमागे एका सुताराची टिनाची शेड आहे. पोळ्याआधी महिनाभर तिथे लाकडी बैल तयार होतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, मुलं ते बैल ओढत घरोघर जातात, झडत्या, म्हणजे पोळ्याची यमक जुळवलेली गाणी, म्हणतात आणि बोजारा म्हणून खाऊ घेतात. बैल सुतार घडवायचा, रंगवायची त्याची दहा वर्षांची मुलगी. माझी बायको आमच्या लेकीला दुपारी तिच्याजवळ बसू देत होती. मला तिने सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी नको म्हटलं असतं, हे तिला पक्कं माहीत होतं.

मी इथून जवळच्याच काटोलकडच्या खेड्यातला. पुण्याला शिकायला गेलो तेव्हा माझ्या 'मले-तुले' बोलण्यावर अख्खा वर्ग हसला होता. पुढे आपल्या मुलांवर ती वेळ येऊ द्यायची नाही, हे मी तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

एक दिवस लवकर परतलो, तर लेक शेडमध्ये बसलेली दिसली. मी आडोशाला उभा राहून पाहू लागलो. सुताराच्या मुलीने एक बैल माझ्या लेकीच्या मांडीवर ठेवला होता.

"पक्का धर वं. हालली त डोळा तिरपा होईन, मंग सारा मोहल्ला हासन त्याले."

माझ्या लेकीने श्वास रोखून बैल धरला. डोळा रंगवून झाल्यावर चमकता कागद तिच्या हातात आला. "आता शिंगाले बेगड तू लाव. नाही चिकटली त मी हाये." बेगड वाकडी लागली. सुताराच्या मुलीने ती तशीच राहू दिली. "राहू दे. ह्या बैलाले वाकडी टोपीच आवडते." माझी लेक खदखदून हसली.

"लाल डबा कुठं गेला वं?" हे मात्र विचारणारीला खरंच माहीत नव्हतं.

"पाटाखाली," माझी लेक म्हणाली. हा शब्द मी तिला कधी शिकवला नव्हता.

मग ब्रश चालवता चालवता सुताराच्या मुलीने झडती धरली, "चिंचेच्या झाडाखाली पडली सावली, बैल आला दारात, भाकर दे..." आणि थांबली. मान वर नाही, घाई नाही.

"माउली!" माझी लेक म्हणाली.

जमतं त्याहून एक पायरी वरचं काम द्यायचं, हात जवळ ठेवायचा आणि शेवटचा शब्द समोरच्यासाठी सोडायचा. मुलं अशीच माणसांत राहून शिकतात, हे मी पुढे पुस्तकांत वाचलं. त्या मुलीला ते कुणी वाचून दाखवलं नव्हतं. घरातल्या कुणी मोठ्याने तिला असंच शिकवलं असणार.

हे सगळं मी पाहिलं, ऐकलं. आणि तेवढ्यात माझी लेक ब्रशकडे हात करून म्हणाली, "मले दे!" माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी आत शिरलो, तिला उचललं आणि सुताराला म्हणालो, "उद्यापासून हिला इथे बसवू नका. भाषा बिघडते."

"बरं साहेब," सुतार म्हणाला.

पुढचे आठ दिवस माझी लेक पुन्हा गप्प राहिली. होते ते शब्दही गेले. माझ्या तक्त्यांकडे तिने पाठ फिरवली.

तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी दारावर मुलांचा घोळका आला. पुढे सुताराची मुलगी. तिने माझ्याकडे न पाहता झडती सुरू केली, "बैल आला दारात, भाकर दे..." आणि थांबली. सोबतची पोरं तोंड उघडणार, तोच तिने हाताने त्यांना अडवलं.

माझ्या पायांमागून आवाज आला, "माउली!"

"हर बोला..." ती ओरडली.

"हर हर महादेव!" माझ्या लेकीचा आवाज सगळ्यांत मोठा होता. मग माझा पायजमा ओढत ती म्हणाली, "बाबा, मले जायचं हाये." इतकं लांब वाक्य ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होती.

मी सुताराच्या मुलीला विचारलं, "हिला सोबत नेशील?"

"तुम्हीच त नाही म्हणलं होतं काका."

"हो. माझं चुकलं गं."

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या लेकीचा हात धरला आणि म्हणाली, "बरं. चप्पल घालून द्या तिले. खाली चिखल हाये."

मी उंबऱ्याशी खाली बसलो आणि चप्पल घालून दिली.