काकींच्या बागेतलं वळण

मुलांनो,

तुम्ही पाठवलेली दोन्ही चित्रं मी मोठी करून पाहिली. एकात तुमच्या क्लबचं बक्षीस धरून उभे असलेले तुम्ही दोघं, आणि दुसऱ्यात या वर्षी निघणाऱ्या नव्या इंजिनांची यादी. त्या यादीत खालून दुसरं जे हिरवं इंजिन आहे, ते नवं नाही. कंपनीने जुनंच पुन्हा काढलं आहे. ते आपल्या घरी काचेच्या कपाटात आहे, आणि तुम्ही सुट्टीत यायचात तेव्हा मी त्याला हात लावू देत नसे. का, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. आता पुढच्या स्पर्धेसाठी आजोबांच्या गावाचा देखावा करायचा म्हणता आहात. खऱ्या माणसांच्या खऱ्या जमिनीवरून रूळ नेण्याआधी हे वाचा.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. रत्नागिरीला तेव्हा रेल्वे नव्हती. ती येणार हे मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्या सासऱ्यांना तर ते त्यांच्या लहानपणापासून ठाऊक होतं. त्या वर्षी सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळपठारावर, दुर्बिणी घेऊन मोजणीची माणसं हिंडताना दिसली, आणि नाक्यावर रोज नवी बातमी येऊ लागली. आज रेल्वे एकाच्या भातखाचरातून जायची, उद्या दुसऱ्याच्या परसातून. तुमचे आजोबा सरकारी बांधकाम खात्यात नकाशे काढायचे. रेल्वेशी त्यांच्या कचेरीचा काडीचा संबंध नव्हता, पण नकाशे काढतो म्हणजे याला आतलं कळतं, अशी लोकांची पक्की समजूत होती.

त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे भावोजी, बोटीवर नोकरीला होते. परक्या बंदरांतून ते छोट्या आगगाड्यांची मासिकं आणायचे. खेळण्यातल्या गाड्या म्हटलं की आजोबा रागवायचे. प्रतिकृती म्हणायचं. दरवर्षी नव्या इंजिनांची पानं आली की ती ते पंचांगासारखी वाचायचे. त्या दिवाळीला भावोजी लांब सुट्टीवर आले ते हे हिरवं इंजिन घेऊनच. त्याच वर्षी निघालेलं होतं. आणि मुंबईतल्या छंदवाल्यांच्या एका मंडळाने फेब्रुवारीत स्पर्धा ठेवली होती. देखावा स्वतःच्या हाताने केलेला हवा, आणि परिसर स्वतःच्या ओळखीचा. आजोबांना ते बक्षीस हवं होतं. एरवी त्यांनी मला अमुक हवं असं म्हटल्याचं मला आठवत नाही.

पडवीत दोन मोठ्या प्लायवूडच्या फळ्या जोडून काम सुरू झालं. सडा केला जांभ्याच्या चुऱ्याचा. झाडं घोसाळ्याच्या वाळक्या जाळीची, हिरव्या रंगात बुडवून वाळवलेली. एका कडेला आपल्या मांडवी बंदराचा धक्का. स्टेशनची पाटी मी लिहिली, तिन्ही भाषांत, समुद्रसपाटीपासूनच्या उंचीसकट. खाऱ्या हवेने रूळ काळवंडायचे आणि इंजिन अडखळायचं, म्हणून रोज सकाळी मी ते खोडरबराने घासून ठेवायची.

आणि देखाव्याच्या डाव्या अंगाला, वळणावर, काकींची बाग होती. काकी म्हणजे आमच्या दगडी गडग्यापलीकडच्या शेजारीण. त्यांचा नवरा गेलेला, दोन मुलगे मुंबईत गिरणीत. नवऱ्याने स्वतःच्या हाताने बांधलेली हापूसची कलमं हाच त्यांचा संसार. आजोबांनी त्यांची विहीर, विहिरीवर वाकलेला माड, कोपऱ्यातली देवाची घुमटी, सगळं हुबेहूब केलं होतं.

मुंबईला न्यायच्या आधीच्या रविवारी त्यांनी शेजाऱ्यांना बघायला बोलावलं. पडवी माणसांनी भरली. इंजिन शिट्टी न घालता गेलं म्हणून कुणी नाक मुरडलं, तर कुणी म्हणालं, "भाऊ, तिकीट कितीला?" काकी पुढे येऊन वाकून बघत राहिल्या.

"ही विहीर माझी?"

"तुमचीच, काकी," आजोबा खुशीत म्हणाले.

"न् हे लोखंड माझ्या कलमातनं गेलंय?"

"तिथनंच न्यावं लागलं. वळण दुसरीकडे बसतच नाही."

काकी अजून थोडा वेळ बघत होत्या. मग चहा न घेता निघून गेल्या. चहा न घेता जाणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या, हे मी कपबशा आवरताना मनात म्हटलं आणि विसरले.

मंगळवारी आजोबा कचेरीत गेल्यावर गडग्यापलीकडून कुऱ्हाडीचा आवाज येऊ लागला. कुणी जळणाची फाटी तोडत असेल असं मला वाटलं. मग काहीतरी मोठं, सावकाश, करकरत खाली आलं.

मी धावत गेले. विहिरीजवळचं कलम आडवं पडलं होतं. माघ महिना, झाड मोहोराने भरलेलं. जमिनीवर सगळीकडे मोहोर सांडला होता. उरलेल्या कलमांच्या बुंध्यांवर चुन्याचे पट्टे ओढले होते आणि लाकडाच्या वखारीची माणसं पुढच्या झाडाला दोर बांधत होती. काकी गडग्यावर बसल्या होत्या.

"काकी, हे काय करताय?"

"सरकार पैसे जमिनीचे देतं, झाडांचे देत नाय. मग त्यांच्या हातनं मरण्यापरीस माझ्या हातनं."

"पण तुम्हाला कुणी सांगितलं सरकार जमीन घेणार म्हणून?"

"तुझ्या घोवानं सांगितलं. चारचौघांत."

मी हात जोडून सांगितलं, की ती नुसती हौस आहे, स्पर्धा आहे, सरकारचा त्यात काही संबंध नाही. काकी मान हलवत राहिल्या.

"बाय माझे, तुला खोटं बोलायची सवय नाय, म्हणून जमत नाय. नोकरीवर गदा येईल म्हणून तो उघड बोलत नाय, एवढं कळतं मला. म्हणून त्यानं करून दाखवलं. उपकारच झाले त्याचे."

मी जितकं नाही म्हणत होते, तितकी त्यांची खात्री वाढत होती. शेवटी मी एवढंच मागितलं, की माणसांच्या जेवणाची वेळ झालीय, तेवढ्यात मी यांना घेऊन येते, तोवर हात थांबवा.

"जेवण होईस्तोवर," काकी म्हणाल्या. "वखारवाल्याला मी शब्द दिलाय."

मी रिक्षा करून कचेरी गाठली. आजोबा साहेबांसमोर उभे होते. मी दारातूनच म्हटलं, "काकी बाग तोडतायत. तुमच्यामुळे." त्यांनी हातातली पट्टी टेबलावर ठेवली आणि निघाले. रिक्षात ते सारखे पुढे वाकून बघत होते, जणू त्यामुळे रिक्षा जोरात जाणार होती. घरी पोचलो तेव्हा वखारीची माणसं झाडाखाली बसून बिड्या ओढत होती. जेवण झालेलं होतं.

मी काकींना हाताला धरून पडवीत आणलं. भावोजीही आले.

आजोबा म्हणाले, "काकी, हे रूळ सांगाल तसे वळत नाहीत. ठरलेल्या वळणाचे तुकडे मिळतात, सगळे एकसारखे. फळी एवढीच. म्हणून वळण तुमच्या बागेत आलं. मी सर्व्हे केलेला नाही." मग त्यांनी खोक्यातले जास्तीचे तुकडे काढून दाखवले.

काकींनी ते हातातही घेतले नाहीत. "खोक्यातले मला कशाला दाखवतोस? मला फसवायला वेगळे ठेवलेले असतील. माझ्या बागेतले काढ."

बागेतले रूळ खिळ्यांनी ठोकलेले होते. वर जांभ्याची खडी सरसाने बसवलेली होती. परवा सकाळी टेम्पो निघायचा होता.

"दादा, नको," भावोजी म्हणाले. "तडकून सगळं फुटेल. परत बसणार नाही. मी यांच्या मुलांना तार करतो, त्यांचं तरी ऐकतील..."

"तार पोचेपर्यंत बाग उरेल?" आजोबा म्हणाले.

ते स्वयंपाकघरातून सुरी घेऊन आले. खडीखाली सुरी घालून त्यांनी पहिला तुकडा उचकटला. प्लास्टरला तडा गेला, तो पार घुमटीपर्यंत. दुसऱ्या तुकड्याबरोबर विहीर सुटून आली. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं नाही. काकी मात्र टक लावून बघत होत्या.

तेवढ्यात बाहेर कुऱ्हाड पडली. एक घाव. मग दुसरा.

"काकी, त्यांना थांबवा आधी!" मी ओरडले.

"आधी मला कळू दे," काकी म्हणाल्या. त्यांनी मांडी घातली आणि आजोबांच्या हातातला रुळाचा तुकडा घेतला. आजोबा एकेक काढून देत होते आणि त्या जमिनीवर जोडत होत्या. तिसरा घाव ऐकू आला. काकींनी एक तुकडा उलटा धरून बघितला, मुद्दाम बाहेरच्या बाजूला वळवायला गेल्या, पण पुढचे तुकडे त्याला लावले की रूळ परत आतच यायचे. बागेतले संपले तेव्हा त्यांनी आता खोक्यातले मागून घेतले. शेवटचा तुकडा पहिल्याला जाऊन मिळाला. जमिनीवर गोल कडं झालं, मध्ये काकी.

"ही परत हितंच आली," त्या म्हणाल्या.

"ती तेवढंच करते, काकी."

"मुंबईला नाय जात?"

"नाही."

"खेडला तरी?"

"कुठेच जात नाही."

काकींनी आजोबांकडे पाहिलं, मग भावोजींकडे. "एक सरकारी नोकर, एक दर्यावर्दी, न् एक ही इंग्लिश शिकलेली. तिघं मिळून दिवाळीपासून गोल फिरवत बसलात! कुठलं सरकार असली रेल्वे बांधील?" आणि त्या उठल्या. त्या वयात त्या धावू शकतात हे मला माहीत नव्हतं. गडग्यावरून त्यांची हाक ऐकू आली, "अरे थांबाऽ, हात आवरा मेल्यांनो!"

वखारवाल्याची माणसं सहजासहजी ऐकेनात. शब्द म्हणजे शब्द, असं त्यांचा मुकादम म्हणत होता. काकी झाडाला पाठ लावून उभ्या राहिल्या, घाव पडलेल्या बुंध्यालाच, आणि म्हणाल्या, "मग आधी माझ्यावर घाल." आजोबा त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. शेवटी पडलेलं कलम तेवढं ओढून घेऊन ती माणसं गेली. काकी खाली बसून मोहोराचे तुरे पदरात गोळा करायला लागल्या. मी म्हटलं, "काकी, आता त्याचं काय करणार?" त्यांनी पदराला गाठ मारली आणि घरात गेल्या.

देखावा आजोबांनी दोन दिवसांत जमेल तसा सांधला आणि नेला. परीक्षक टेबलाशी आले तेव्हा इंजिन त्याच वळणावर घसरलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा घसरलं. एका परीक्षकाने विचारलं, हे स्टेशन नक्की कुठे आहे. आजोबा म्हणाले, अजून नाही. बक्षीस मिळालं नाही. घरी आल्यावर त्यांनी इंजिन पुसून कपाटात ठेवलं, आणि त्यानंतर नव्या इंजिनांची पानं ते बघायचे, पण कुठल्याच स्पर्धेला गेले नाहीत. काकींनी त्या मेमध्ये आंब्याची पहिली पेटी आमच्या ओटीवर आणून ठेवली आणि म्हणाल्या, "वळणाकाठची हाय." आजोबा हसले. त्या सगळ्या प्रकरणावर ते हसलेले मी तेव्हाच पाहिले.

खरी रेल्वे पुढे आली ती भलत्याच अंगाने, टेकड्यांच्या पलीकडून. काकींनी ती पाहिली. मुलाकडे मुंबईला जाताना त्या खिडकीशी बसल्या होत्या आणि, मुलगा सांगत होता, सारख्या बाहेर बघत होत्या की वळण कुठे येतंय.

आता आजोबा नाहीत, काकी नाहीत. फळ्या वाळवीने खाल्ल्या. इंजिन आहे, पण ते चालत नाही. बागेतला रुळाचा एक तुकडा आहे, त्याला अजून जांभ्याची खडी चिकटलेली आहे. तीन घाव बसलेलं कलम उभं आहे आणि हापूस देतं. पडलेल्या कलमाचा बुंधा, हापूसची काडी बांधली होती त्या जोडाच्या खाली तुटला होता. त्याला खालच्या गावठी खोडातून फूट आली, तिचं झाड झालं, आणि त्याला रायवळ आंबे लागतात, लोणच्याचे.