बहीण आमची नवरी

दुबईत, जबल अलीतल्या एका गोदामाच्या यार्डात सकाळी सातपासून एका बाईचा आवाज घुमायचा. "फोर सेवन वन, गेट थ्री, यल्ला! फोर सेवन टू, वेट करो भाई, वेट करो." आवाज हाफिजा मुकादमचा. डिस्पॅचच्या केबिनमध्ये बसून ट्रकवाल्यांना गेटचे नंबर पुकारायचे, हे तिचं अकरा वर्षांचं काम. ड्रायव्हर पठाण, पंजाबी, मल्याळी, कुठकुठले. बहुतेकांनी तिला कधी पाहिलंही नव्हतं, पण तिनं "यल्ला", म्हणजे "चला", म्हटलं की झोपलेला माणूसही इंजिन सुरू करायचा.

ती मूळची दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या गावची. गावात लग्न असलं की मेंदीला, हळदीला बायका गायच्या, आणि त्यांच्यात बसून हाफिजाही लहानपणापासून गात आली होती. पुढे लग्न झालं, नोमानबरोबर ती इकडे आली, इनाया झाली, नोकरी लागली. गाणं राहिलं ते भांडी घासताना गुणगुणण्यापुरतं.

मग फिझाचं लग्न ठरलं. फिझा म्हणजे धाकटी बहीण, चौदा वर्षांनी लहान. तिला हाफिजानंच कडेवर घेऊन वाढवलेलं. पण तारीख पडली नेमकी रमजानच्या आधीच्या पंधरवड्यात. त्या दिवसांत गोदामात माल छतापर्यंत लागतो आणि कुणालाच सुट्टी मिळत नाही. हाफिजानं रजेचा अर्ज दिला, तो परत आला. कंपनीच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकून चार दिवस ती एकेक ओळ जुळवत राहिली, आणि मेंदीच्या संध्याकाळी पार्किंगमध्ये उभं राहून तिनं व्हिडिओ कॉलवर बहिणीला गाणं म्हणून दाखवलं.

"दर्याच्या त्या अंगाला बहीण माझी नवरी,
मेंदी तिच्या हाताला नि वास माझ्या पदरी."

तिकडे कुणीतरी फोन डब्याला टेकवून ठेवला होता. त्यामुळे हाफिजाला अख्खा वेळ दिसलं ते फक्त घराचं छत. पण फिझाचं रडणं ऐकू आलं.

एवढ्यावरच हे गाणं संपायचं. पण चार-पाच महिन्यांनी, ऑगस्टमधल्या एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत हाफिजा केबिनमध्ये एकटीच डबा खात होती. माइक बंद आहे अशी तिची समजूत. खाता खाता तिनं तेच गाणं सुरू केलं, आणि चांगलं गळा मोकळा सोडून म्हटलं. दोन कडवी झाली तेव्हा तिच्या लक्षात आलं, बाहेर काहीच आवाज येत नाहीये. ना हॉर्न, ना फोर्कलिफ्टची पींपीं. तिनं काचेतून पाहिलं तर सगळं यार्ड उभ्या जागी थांबलेलं. गेट दोनपाशी एक उंचापुरा पठाण ट्रकच्या पायरीवर उभा होता. हात छातीवर, डोळे मिटलेले.

इन्व्हेंटरीतला श्रीनाथ धावत आला. "मॅडम, माइक! माइक ऑन आहे तुमचा!"

"या अल्ला!" हाफिजानं झटकन बटण दाबलं. "खलास. आता मेमो येणार."

मेमो आला नाही. संध्याकाळी श्रीनाथच परत आला. तो अल बर्शाला राहायचा, गिटार वाजवायचा आणि घरच्या एका खोलीत रेकॉर्डिंगचं सामान मांडून बसायचा. "मॅडम, दुपारचं ते गाणं कुणाचं?"

"माझंच."

"म्हणजे तुमच्या गावाकडचं ना? ट्रॅडिशनल?"

"नाही हो श्रीनाथभाई. मी जुळवलंय. बसमध्ये."

श्रीनाथ खुर्ची ओढून बसलाच. मग म्हणाला, "रविवारी घरी या. नोमानभाईंना पण आणा. हे रेकॉर्ड करायलाच हवं."

त्या रविवारी श्रीनाथनं खिडकीला गाद्या लावल्या आणि एसी बंद केला. ऑगस्टमधला बंद एसी म्हणजे काय, ते दुबईत राहणाऱ्यालाच ठाऊक. हाफिजाला ताल धरायला ढोलकी हवी होती. ती नव्हती, म्हणून श्रीनाथच्या बायकोनं स्वयंपाकघरातून परात आणली. उपड्या परातीवर बोटं वाजवत हाफिजा गायली, आणि श्रीनाथनं मागे गिटारच्या अगदी मोजक्या तारा छेडल्या. आठव्यांदा ते जमलं. नोमान कोपऱ्यात घाम पुसत बसला होता. त्याला सुरातलं ओ की ठो कळत नाही. "छान झालं," तो म्हणाला. पहिल्या सातही वेळा तो तेच म्हणाला होता.

गाणं व्हिडिओसकट इंटरनेटवर चढलं. 'हाफिजा मुकादम, पहिलं गाणं' असं श्रीनाथनं मोठ्या अक्षरांत लिहिलं. हाफिजानं गावच्या ग्रुपवर पाठवलं, माहेरी पाठवलं, ऑफिसात सांगितलं. पहिल्या महिन्यात तीनशे चाळीस जणांनी ऐकलं. कुणीतरी खाली लिहिलं, उच्चार फार गावठी आहेत. आणखी कुणी विचारलं, हे मराठी आहे की काय आहे? तेरा वर्षांच्या इनायानं आकडे नीट तपासले आणि निकाल दिला, "मम्मी, हाफ ऑफ दीज व्ह्यूज आर जस्ट यू."

हाफिजा हसली, पण मनाला लागायचं ते लागलंच. तिनं पुन्हा आकडा पाहिला नाही. ट्रक येत राहिले, जात राहिले.

पुढल्या एप्रिलमध्ये नोमानच्या ओळखीतल्या एका घरी लग्न निघालं. माणसं रायगडकडची, श्रीवर्धनची. अबुधाबीच्या खलिफा सिटीत त्यांचा मोठा व्हिला होता. नवरी मुनिबा. मेंदीचं बोलावणं आलं, म्हणून तिघं गेली; नोमान बाहेर पुरुषांत बसला, हाफिजा इनायाला घेऊन आत गेली. बायकांच्या खोलीत पन्नास-साठ जणी दाटीवाटीनं बसलेल्या. बऱ्याच जणी खास लग्नासाठी गावाहून आलेल्या. मुनिबाच्या हातावर मेंदी चढत होती. मधोमध तिची आजी मरियमबी ढोलकी पुढ्यात घेऊन बसली होती. वय पंचाहत्तरच्या पुढे, पण हात असा पडायचा की जमीन हलावी.

दोन-तीन गाणी झाली. मग मरियमबीनं ताल बदलला, आणि अख्खी खोली गाऊ लागली.

"दर्याच्या त्या अंगाला..."

हाफिजानं चमकून मान वर केली. आधी तिला वाटलं, आपल्याला बघून म्हणतायत. पण तिच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. ज्या बायकांना तिनं जन्मात पाहिलं नव्हतं, त्या डोळे मिटून, डोलत, तिनं बसमध्ये जुळवलेल्या ओळी म्हणत होत्या. कुणाच्या हातात कागद नव्हता. सहा-सात वर्षांच्या पोरींनाही सगळं पाठ होतं.

तीही गाऊ लागली. न गाऊन कशी राहील? पण दुसऱ्याच ओळीला मरियमबीनं ढोलकी थांबवली आणि सरळ तिच्याकडे बोट केलं.

"ए पोरी, चुकतेस तू. 'बहीण माझी' नाय. 'बहीण आमची'. 'वास आमच्या पदरी'."

"माझी नाही?" हाफिजाच्या तोंडून निघून गेलं.

"नाय गो. मेंदीला कुणी एकटी गाते काय?"

बायका हसल्या. इनाया ताडकन सरळ झाली. "बट मम्मी, दॅट्स युवर..." हाफिजानं तिचा हात घट्ट दाबला. हाफिजाला राग येत नव्हता. माझ्या-तुझ्यापलीकडचं काहीतरी डोळ्यांसमोर घडत होतं, आणि आपण ते मोडू नये एवढंच तिला उमगत होतं.

ढोलकी पुन्हा सुरू झाली. तिची दोन कडवी संपली. तिला वाटलं, आता थांबतील. पण बायका पुढे गेल्या.

"सुकला गो पाला, रंग नाय सुकला,
दर्या एवढा मोठा, वास नाय चुकला."

हे तिचं नव्हतं. असलं काही तिला सुचलंच नव्हतं. एवढ्या मोठ्या दर्यावरून येताना मेंदीचा वास वाट चुकला नाही! चार दिवस ती खिडकीला डोकं टेकून जे शोधत होती आणि जे तिला सापडलं नव्हतं, ते दुसऱ्याच कुणी शोधून तिच्या गाण्यात आणून ठेवलं होतं. ती नुसती ऐकत राहिली.

गाणी थांबल्यावर ती मरियमबीच्या शेजारी जाऊन बसली. "खाला, हे गाणं तुम्ही कुठून शिकलात?"

"शिकायचं काय त्यात? जुनं आहे. माझी आय म्हणायची."

"तुमच्या आई?"

"म्हणत असणार," मरियमबी म्हणाली आणि पानाचा डबा उघडला. "तुझा गळा बरा आहे. बस इथं, नीट शिकवते."

आणि हाफिजा शिकली. शब्द न शब्द, बिनचूक.

परतताना गाडीत इनायाचा पारा चढलेला. "व्हाय डिडन्ट यू टेल हर? इट्स युवर साँग!"

"सांगून काय झालं असतं, बाळा? त्यांनी गाणं थांबवलं असतं आणि माझ्याकडे बघत बसल्या असत्या."

नोमान गाडी चालवत होता. त्यानं सगळी हकिगत ऐकली. मग, त्याच्या स्वभावाला न शोभेल अशा आवाजात, हळूच म्हणाला, "ते नवं कडवं पुन्हा म्हण." तिनं म्हटलं. त्यानं आरशातून तिच्याकडे पाहिलं. या वेळी तो "छान" म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं फिझाला फोन लावला. फिझा म्हणाली, "हो, आपल्याकडे पण तसंच म्हणतात. गेल्या तीन लग्नांत मीच ऐकलं. पण ते कडवं तुझंच ना? आम्हाला वाटलं, तू नंतर घातलंस."

मग महिनाभर हाफिजानं माग काढला. फिझानं ते हर्णैच्या एका वहिनीकडून ऐकलं होतं. वहिनीनं मुरुडच्या वऱ्हाडातल्या बायकांकडून. मुरुडवाल्या म्हणाल्या, आम्ही तर मोबाईलवरच्या त्या परातवाल्या बाईकडून घेतलं. म्हणजे फिरून पुन्हा हाफिजाच. कुठल्या गावी, कुठल्या अंगणात, कुणाच्या तोंडी ते कडवं आलं, हे कुणालाच सांगता येईना. जिनं केलं तिनंही ते आपलं म्हणून धरून ठेवलं नव्हतं.

श्रीनाथला ही हकिगत सांगितली तेव्हा तो उठून उभाच राहिला. "मॅडम, पुन्हा रेकॉर्ड करू. आपण ओरिजिनल आहोत हे लोकांना कळायला पाहिजे."

"पुन्हा करू," हाफिजा म्हणाली, "पण मी एकटी नाही."

डिसेंबरात अल बर्शातल्या त्याच खोलीत सात बायका मांडीला मांडी लावून बसल्या. मुनिबाही आली होती. सगळ्यांनी मिळून 'बहीण आमची नवरी' म्हटलं, तिसऱ्या कडव्यासकट. खाली नावं लिहायची वेळ आली तेव्हा श्रीनाथनं विचारलं, "तिसऱ्या कडव्याला कुणाचं नाव टाकू?"

"कुणाचंच नको. आणि पहिल्या दोनचंही काढा."

श्रीनाथला ते मुळीच पटलं नाही. पण त्यानं काढलं.

मुनिबाला मात्र राहवेना, म्हणून तिनं श्रीवर्धनला परत गेलेल्या आजीला फोन करून सांगून टाकलं, की तू जिला गाणं शिकवलंस, तिनंच ते केलंय. मरियमबी म्हणाली, "असेल. पण तिला सुचायच्या आधीही ते कुठंतरी असणारच ना?"

मुनिबानं हे हसत हसत हाफिजाला सांगितलं. हाफिजाला हसू आलं नाही. ती केबिनमध्ये बसली होती, बाहेर ट्रकांची रांग लागलेली. म्हातारी बरोबर बोलते की चूक, हे तिला ठरवता येईना, आणि ठरवावंसंही वाटेना.