शाळेच्या पताका

फुलंब्रीच्या अंगाला असलेल्या आमच्या गावची दगडी शाळा आता पाडायला काढलीय. निजामाच्या राजवटीतली. माझा आजा तिथं शिकला, म्हणजे बाहेरच्या ओट्यावर बसून शिकला. आमच्या वस्तीतल्या लेकरांना आत घेत नव्हते. तरी तो लई मिजाशीत सांगायचा, "ओट्यावर का होईना, नाव आतल्या कागदावर हाये!"

त्याच नावासाठी परवा लेकीला घेऊन शाळेत गेलो. तिचा नर्सिंगला नंबर लागलाय, पण जात पडताळणीला पणज्याचा जुना पुरावा पाहिजे, अन् तारीख आठ दिवसांवर आलेली. घरातल्या बाकी सगळ्या कागदांवर नुसतं 'बौद्ध', मूळ जात कुठंच लिहिलेली नाही. हेडमास्तरांनी पत्र्याची पेटी तळापर्यंत उपसली. निजामाच्या काळातलं रजिस्टरच त्यात नव्हतं. "कुण्या नालायकानं गायब केलं, देव जाणे," ते म्हणाले.

नालायक त्यांच्या समोरच उभा होता.

पेटीचा तळ दिसला तेव्हा कुठं मला आठवलं. मी सातवीत होतो. पंधरा ऑगस्टला पताका करायच्या होत्या अन् शाळेत रंगीत कागद नव्हता. गुरुजींनी उर्दूतली जुनी रजिस्टरं काढून दिली. "हे आता कोण वाचतंय? कापा!" कात्रीवर माझा हात बसलेला. कडेनं रंग मारला, कणकेची खळ केली अन् सुतळीला त्रिकोण मीच चिकटवले. काय तोरा होता माझा! आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेत होतो, अन् वर शाबासकीची वाट बघत होतो.

झेंडावंदनाला आजा धुतलेलं धोतर नेसून आला. गावात उर्दू वाचणारी दोन-तीनच माणसं उरली होती, त्यातला तो एक. मला हे ठाऊक होतं, पण डोक्यात आलं नाही. मान वर करून, ओठ हलवत, तो एकेक पताका बघत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. मला वाटलं, नातवाचं कौतुक चाललंय. घरी जाताना त्यानं एवढंच विचारलं, "समदी पानं लावली का रे? का एखादं उरलं?"

"समदी लावली, बाबा!" मी छाती फुगवून सांगितलं. त्यानंतर ओट्याची गोष्ट त्यानं कधी काढली नाही.

परवा पेटीला कुलूप लागलं तरी लेक जागची हलेना. "पप्पा, एखादं तरी पान उरलं असंल ना कुठं?"

"नाय उरलं, माय," मी म्हणालो. "समदी मीच लावली."