आवकबाईंचा पोर्च

कचेरीत त्यांना सगळे आवकबाई म्हणत. पस्तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. बाहेरून आलेल्या प्रत्येक कागदावर आवक क्रमांक घालायचा आणि तारखेचा शिक्का मारायचा. साहेब बदलले, खुर्च्या बदलल्या, शिक्क्याची मूठसुद्धा दोनदा बदलली, पण बाईंची तारीख कधी चुकली नाही. कोणी मागची तारीख घालून द्या म्हणून लाडीगोडी लावली, तर बाई चष्म्यावरून अशा काही बघत की तो आल्या पावली परत जाई. अशा बाईंनी बावीस वर्षं एक थाप चालवली, हे कचेरीतल्या कोणाला शपथेवर सांगितलं तरी पटलं नसतं. थाप होती घराच्या पोर्चची.

बाईंच्या घराचं दार थेट गल्लीत उघडायचं. पुढे पायरी नाही, वर आडोसा नाही. दार उघडलं की पहिली खोली, आणि ती खोली म्हणजे नवऱ्याचं शिवणकाम. मशीन, इस्त्रीचं टेबल, खुंट्यांवर लोकांचे अर्धवट शिवलेले कपडे आणि जमिनीवर घोट्याएवढ्या चिंध्या. नवरा भला माणूस, कामाला वाघ, पण केरसुणीशी त्याचं जन्माचं वैर. कचेरीतल्या कोणी हे घर बघू नये, एवढीच बाईंची इच्छा होती. त्यात वावगं काही नव्हतं. वावगं पुढे घडलं.

बावीस वर्षांपूर्वी बाई तापानं घरी होत्या आणि एका तातडीच्या कागदाचा आवक क्रमांक कोणाला सापडेना. साहेबांनी शिपायाला रजिस्टर घेऊन बाईंकडे पिटाळलं. या शिपायाला कचेरीत सगळे दादा म्हणत. बाहेर धो धो पाऊस. दादांनी रजिस्टर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून शर्टाच्या आत धरलं होतं, ते तेवढं कोरडं होतं. बाईंनी दार वीतभर उघडलं, रजिस्टर घेतलं, "थांबा हं," म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. आत छत गळत होतं, गादी गुंडाळून ठेवली होती, दोरीवर घरातले सगळे कपडे वाळत घातले होते. हे त्यानं बघितलं तर उद्या कचेरीभर होईल, हाच विचार डोक्यात. नोंद सापडायला अर्धा तास लागला. अर्धा तास दादा भिंतीला पाठ लावून पावसात उभे होते.

चार दिवसांनी बाई कामावर आल्या तर दादा खोकून बेजार. साहेबांनी सहज विचारलं, "काय हो बाई, या माणसाला आडोसासुद्धा दिला नाहीत की काय?" साहेब हसत होते. पण सगळं दालन ऐकत होतं, आणि बाईंच्या तोंडून निघून गेलं, "असं कसं साहेब? आमच्या पोर्चमध्येच तर उभे होते!"

दादांनी बाईंकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "हो साहेब. चांगला ऐसपैस पोर्च आहे बाईंचा. मी जाताना वाटेत भिजलो."

झालं. त्या दिवशी बाईंचा पोर्च बांधून झाला. ना वीट लागली ना वाळू.

थापेला खायला घालावं लागतं. जेवणाच्या सुट्टीत कोणी विचारलं की बाई पोर्चमध्ये झोपाळा टांगत, वेल चढवत, वेताच्या खुर्च्या मांडत. एके वर्षी मांजरीनं तिथे तीन पिल्लंही घातली. आणि दादा? बावीस वर्षांत खरं काय ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही, उलट कोणी विचारलं तर पोर्चमध्येच उभा होतो म्हणत. याबद्दल बाईंनी त्यांचे उपकार मानायला हवे होते. त्याऐवजी त्या त्यांच्याशीच सगळ्यांत तुटक वागल्या. चहा गार आणला म्हणून बोलल्या, पाच मिनिटांच्या उशिरासाठी मस्टरवर लाल फुली मारायला लावली. ज्याला आपलं खोटं ठाऊक आहे, त्याच्या डोळ्यांत बघून गोड बोलणं फार जड जातं. बाईंना हे कळत होतं आणि त्याची लाज वाटत होती, आणि लाज वाटली की त्या आणखी तुटक वागत.

बाईंच्या निवृत्तीला दीड महिना उरला तेव्हा आताच्या साहेबांनी जाहीर केलं, "बाईंना आपण शाल नारळ काही द्यायचं नाही. त्यांच्या पोर्चसाठी छान टांगता दिवा द्यायचा. शेवटच्या दिवशी सगळे मिळून घरी जाऊ आणि आपल्या हातानं लावून देऊ." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनीही वाजवल्या.

त्या संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला सांगितलं, "अहो, दारापुढे पोर्च बांधायचा."

"आत्ता? पस्तीस वर्षं उन्हातान्हातून घरात शिरलीस, आणि आता घरीच बसणार तर पोर्च?"

"गिऱ्हाइकांना उभं राहायला होईल," बाई म्हणाल्या. खरं कारण त्यांनी नवऱ्यालाही सांगितलं नाही. सांगायला तोंड कुठे होतं?

गवंडी आला. गल्ली अरुंद, तरी त्यानं हिशोबात बसेल असा चार फूट पुढे येणारा, दोन खांबांचा, वर उतरत्या पत्र्याचा पोर्च काढून दाखवला. बाई म्हणाल्या, "पत्रे जुने मिळतील का? आणि रंग जरा उडालेला असा देता येईल?"

गवंड्यानं कानावरची पेन्सिल काढली. "बाई, लोक जुनं काम नवं करून मागतात. माझं नवं काम जुनं दिसावं म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच. माझ्या हातावर विश्वास नसेल तर तसं सांगा."

शेवटी जुने पत्रे मिळाले. बाईंनी शेजारणीकडून शेवाळलेल्या चार कुंड्या मागून आणल्या. खांबांना मातकट रंग दिला. फरशीऐवजी सिमेंटचा कोबा, तोही शेवटच्या आठवड्यात पडला, आणि त्यावर पाणी धरायला ओली गोणपाटं अंथरली. गवंडी म्हणाला, पाय टाकू नका. बाई चार दिवस मागच्या दारानं येत जात राहिल्या.

शेवटचा दिवस आला. दोन गाड्यांतून दहाबारा माणसं निघाली. दादा पहिल्या गाडीत, मांडीवर दिव्याचं खोकं. बाई दुसऱ्या गाडीत. वाटेत साहेब पोर्चचं कौतुक करत होते आणि बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

गाडी थांबली. पोर्च उभा होता, आणि खरं सांगायचं तर बरा दिसत होता. नवऱ्यानं पाहुणे येणार म्हणून गोणपाटं काढून कोबा स्वच्छ धुतला होता. दादा आधीच उतरून डावीकडच्या खांबाला टेकून उभे होते. खोकं त्यांनी पायाशी जमिनीवर ठेवलं होतं.

नवरा गळ्यातली टेप सावरत बाईंच्या कानाशी आला. त्याचा चेहरा उजळला होता. "तुला सांगितलं नव्हतं. कोबा ओला होता ना, तेव्हा गवंड्याकडून खांबापाशी तारीख घालून घेतली. कडेनं मी बटणं लावलीत, रंगीत. आपल्या घराचं पहिलं बांधकाम! बघ की, डाव्या खांबापाशी."

बाईंनी बघितलं. डाव्या खांबापाशी दादांचे दोन बूट होते आणि दिव्याचं खोकं होतं. खोक्याच्या कडेखालून एक लाल बटण दिसत होतं.

पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या कागदांवर तारीख मारणाऱ्या बाईंच्या दारात तारीख पडली होती, आणि तिच्यावर तो माणूस उभा होता. बाईंना वाटलं, त्यापेक्षा सगळ्यांनी वाचली असती तर बरं झालं असतं.

"दादा, शिडी धरा जरा," साहेब म्हणाले.

"गुडघा धरलाय साहेब. हलता येत नाही."

मग नव्या टंकलेखकानं शिडी धरली, दुसरा कोणी खोक्यातला दिवा तेवढा काढून घेऊन वर चढला. दिवा लागला. वर बघता बघता एकजण म्हणाला, "बाई, नव्या सिमेंटचा वास येतोय."

"डागडुजी केली थोडी," बाई म्हणाल्या. दादांच्या समोर म्हणाल्या.

"आणि झोपाळा कुठाय?" साहेबांनी विचारलं.

"मोडला."

"वेल?"

"वाळली."

नवरा बायकोकडे बघत राहिला. "कुठला झोपाळा गं?" असं विचारायला त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात दादा मोठ्यानं म्हणाले, "साहेब, आतून चहाचा वास येतोय, गार होईल." मंडळी हसत आत गेली. नवऱ्यानं तोंड मिटलं. त्याला सगळं नाही, पण पुरेसं कळलं होतं. तो मान खाली घालून पाहुण्यांच्या मागे गेला, आणि ते बघून बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चिंध्यांच्या खोलीत सगळे दाटीवाटीनं बसले. कोणी नाक मुरडलं नाही. उलट एकीनं खुंटीवरच्या झग्याचं कापड हातात घेऊन भाव विचारला. ज्या खोलीपायी बावीस वर्षं घालवली, ती खोली कोणाच्या खिजगणतीतही नव्हती.

बाई चहाचा कप घेऊन बाहेर आल्या. दादा तसेच उभे होते.

"तुम्ही कधी पाहिलीत तारीख?"

"गाडीतून उतरल्या उतरल्या." त्यांनी कप घेतला. "बटणं छान लावलीत तुमच्या यजमानांनी."

"गुडघा खरंच दुखतोय?"

"नाही."

"मग बसा तरी. किती वेळ उभे राहणार?"

दादांनी वर पत्र्याकडे पाहिलं, दिव्याकडे पाहिलं. "बाई, बावीस वर्षं सगळ्यांना सांगत आलो, मी तुमच्या पोर्चमध्ये उभा होतो म्हणून. म्हटलं, एकदा उभं राहून घ्यावं."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बाईंनी चष्म्यावरून बघितलं असतं. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, तरी समोरचं धड दिसेना. त्या दिवशी "आत या" एवढे दोन शब्द म्हटले असते तर ना पोर्च लागला असता, ना झोपाळा, ना मांजर. आणि हा माणूस महिनाभर खोकला नसता.

"दादा, आत या."

"मी हललो तर बाई..." त्यांनी पायाकडे खूण केली.

"हला."

दादांनी कप खाली कोब्यावर ठेवला आणि सावकाश बूट काढले. अनवाणी पाय बाजूला घेतला. बाईंनी वाकून खोकं उचललं. तारीख, महिना, चालू वर्ष, आणि भोवती लाल, निळी, पांढरी बटणं.

"बाई, दादांना घेऊन बाहेर काय करताय?" आतून साहेबांनी हाक मारली.

बाईंनी दार भिंतीला टेकेपर्यंत उघडलं. "साहेब, इथे एक तारीख आहे. बाहेर येऊन वाचा," त्या म्हणाल्या. "पण आधी दादांना आत येऊ द्या."